लिफ्टरचे डोळे

व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टरइतकं कमनशिबी माणूस दुसरं नाही. बाकीच्यांनी कसाबसा वाचवलेला चेंडू त्यानं पकडल्यासारखा झेलायचा, पण पकडायचा नाही. बोटांच्या टोकांवर घेऊन नेटच्या वर अलगद उचलून द्यायचा. मग स्मॅशर उडी मारून असा हाणणार की समोरच्याची माती उडावी. टाळ्या त्याला, शिट्ट्या त्याला, पेपरात फोटो त्याचा. उचलून देणारा कुठाय म्हणाल तर फोटोच्या कडेला, अर्धा कापलेला. वरातीत नवरदेवाला सगळे बघतात हो, घोडा कुणाचा हे कोण विचारतं?

कुरुंद्याचा जळबा पाईकराव असाच लिफ्टर होता. तीस वर्षांमागं विद्यापीठाच्या संघातून खेळला. त्यानं उचलून दिलेल्या चेंडूंवर त्याचा दोस्त दिपक बोंढारे मराठवाड्यातला नावाजलेला स्मॅशर झाला. दोघांनी शारीरिक शिक्षणाची पदवी एकाच खोलीत राहून, एकाच गादीवर झोपून घेतली. पुढं दिपकला नांदेडच्या एका कॉलेजात कायम नोकरी लागली, तो क्रीडा विभागाचा प्रमुख झाला, विद्यापीठाच्या निवड समितीत गेला. जळबा हिंगोलीच्या कॉलेजात व्हॉलीबॉलचा कोच झाला, तो मानधनावर. दर जूनला नवी ऑर्डर. ऑर्डर निघेपर्यंत जीव टांगणीला, निघाली की वर्षभर निवांत. असं करत करत केस पांढरे झाले, तरी माणूस मानधनावरच.

त्याला याचं वाईट वाटत नव्हतं असं कोणी म्हणू नये. वाटायचं. चांगलं झोंबायचं. पण संध्याकाळी पोरी ग्राउंडवर चुना टाकायला लागल्या की गडी सगळं विसरायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहायचा अन् सुरू व्हायचा, "अगं चेंडूकडं काय टकमक बघून राहिली! चेंडू कुठं पळून जातो का? लिफ्टरचे डोळे कानाच्या जागी पाहिजेत. बघायचं समोर, दिसलं पाहिजे दोन्ही बाजूचं."

अन् हे तो नुसतं बोलायचा नाही. ऐन जवानीत मान न वळवता तो पाठीमागच्या स्मॅशरला बराबर चेंडू द्यायचा. लोक म्हणायचे, या पोराला टाळूवर डोळे आहेत.

तेच डोळे गेल्या वर्षी फिरले.

आधी उजव्या हाताशी ठेवलेला चहाचा ग्लास सांडायला लागला. मग बाजारात एका सायकलवाल्याला तो आडवाच गेला. सायकलवाल्यानं हिंदीत आईबहिणीचा उद्धार केला अन् जळबा नुसता बघत राहिला, हा आला कुठून? नांदेडला डॉक्टरनं तपासलं आणि काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलेली, ती काही परत येत नाही. मधली आहे ती थेंब टाकून सांभाळायची. आता जळबाला समोरचं माणूस दिसायचं, पण पाइपातून बघावं तसं. पाइपाच्या बाहेर जग होतं की नाही कोणास ठाऊक. समोरून ऊन आलं की पाइपातलंही धड दिसायचं नाही.

त्याची बायको सरिता अंगणवाडीत सेविका. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब तीच टाकायची आणि टाकता टाकता सुनवायची, "कॉलेजात सांगून टाका. उद्या कुठं धडपडलात म्हंजे?"

"सांगितलं की संपलं," जळबा डोळे मिटून म्हणायचा. "आंधळ्या कोचला कोण ऑर्डर देतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ऱ्हाऊ दे झाकलेली."

"मूठ झाकता येती. डोळे कसे झाकता?"

 असं म्हणून सरिता पदरानं त्याच्या गालावर ओघळलेला थेंब पुसून उठायची.

आता त्याच वर्षी पोरींची बॅच अशी काही आली होती की काय सांगावं! लिफ्टर होती पुनम, कनेरगाव नाक्याची. बाप रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा. पोरीचे हात असे मऊ की चेंडूला लागलेले कळायचे नाहीत. जळबानं आजवर कितीएक लिफ्टर घडवल्या, पण आपल्यासारखी ही पहिलीच, असं त्याला मनापासून वाटायचं. तिचं शेवटचं वर्ष होतं. बापानं सांगूनच ठेवलेलं, विद्यापीठाच्या संघात आलीस तर पुढं पोलीस भरतीचं बघू, न्हाईतर खेळ बास, घरी ये. आणि विद्यापीठाच्या संघात जळबाची एकही पोरगी आजवर गेली नव्हती. एकही नाही. त्याला स्वतःला आता काही नको होतं; फक्त ही पोरगी तिथवर पोचावी एवढंच होतं. सरिताला तो म्हणालाही होता, "ती गेली न्हाई तर मी इतके वर्सं त्या ग्राउंडवर नुसती धूळ खाल्ली म्हणायची."

या बॅचचं आणखी एक त्याला फार कौतुक होतं. आवाजाचं. चेंडू दोघींच्या मध्ये आला की एकीनं "माझा!" म्हणून ओरडायचं, दुसरीनं हात काढून घ्यायचा, खेळातला साधा नेम. पण पोरी लाजतात. या मात्र असल्या गळा काढून ओरडायच्या की पलीकडच्या रस्त्यावर रिक्षावाले थांबायचे. "माझा!", "पुनम, मागं!", "आकांक्षा, कडेला!" दिवाळीनंतर तर जास्तच. जळबा भेटेल त्याला सांगायचा, "बॅच बघायची न्हाई, ऐकायची."

त्याचा स्वतःचाही एक नेम होता. पोरीला मॅचमधून बाहेर काढताना तिचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या वेळचे कोच भर गर्दीत गर्जायचे, "ए पाईकराव, चल भायेर!" अन् गावाकडून आलेल्या माणसांसमोर खाली मान घालून चालत येणं काय असतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, आपण कोच झालो तर असं करायचं नाही. तो जिला काढायचं तिच्याकडं बघून हाताचा पंजा नुसता आपल्याकडं ओढायचा. ती धावत यायची, आत जाणारीला टाळी द्यायची. ना चर्चा, ना प्रश्न. लोकांना वाटायचं पोरगी आपणहून विश्रांतीला आली.

जानेवारीत विद्यापीठाच्या स्पर्धा वसमतला भरल्या आणि जळबाच्या पोरी एकेक करत थेट फायनलला पोचल्या. कुरुंदा तिथून हाकेच्या अंतरावर. गावातली माणसं टेम्पो करून आली. म्हातारे कोंडीबा काका तर खुर्ची घेऊनच आले. मांडवात निवड समिती बसली होती आणि मधोमध काळा चष्मा लावून दिपक बोंढारे. पोट सुटलेलं, पण बसायची ऐट तीच. लांबूनच ओरडला, "काय लिफ्टर! बुढ्ढा झाला की बे तू!"

"तुला उचलून उचलून झालो," जळबानं परतवलं. मांडव हसला.

मॅच बरोबरीत जाऊन शेवटच्या सेटवर आली. ऊन कलतं झालेलं आणि नेमकं जळबाच्या तोंडावर. त्यानं कपाळाला हात लावला, डोळे बारीक केले, काही उपयोग नाही. पण कानावर सगळं येत होतं. पुनम आज देवासारखी खेळत होती. समोरच्यांना कळायच्या आत चेंडू भलत्याच हाताला पोचायचा. गुण बरोबरीनं चढत चढत गेले आणि एका चुकीनं समोरच्यांचा मॅच पॉइंट आला. त्यांना एक गुण पुरे होता.

नेटजवळ डावीकडं प्रणिता होती. उंच पोरगी, पण पाय थकलेले. उडी अर्धीच निघत होती. समोरच्या पोरी पुढचा चेंडू तिच्यावरूनच मारणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिच्या जागी आकांक्षाला टाकायचं, ताज्या दमाची. जळबानं आकांक्षाला उठवून रेषेशी उभं केलं, पंचाला खूण केली आणि डावीकडं नेटजवळ उभ्या पोरीकडं बघून पंजा ओढला.

झालं ते असं. प्रणिता बुटाची नाडी बांधायला खाली बसली होती. पुनम तिला धीर द्यायला तिच्यापाशी आली होती आणि तीच तिथं उभी होती. तोच जर्सीचा रंग, तशाच वर बांधलेल्या दोन वेण्या, मागं झगझगीत ऊन. जळबाच्या पाइपात एक पोरगी दिसली, ती प्रणिताच असणार.

पुनमनं सरांचा हात बघितला. क्षणभर थांबली. खाली बसलेल्या प्रणितानं वर बघितलं. रेषेवरच्या आकांक्षाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग पुनम धावत आली, आकांक्षाच्या हातावर टाळी दिली आणि जळबाच्या पाइपाबाहेरूनच जाऊन बाकावर बसली. पंचानं नोंद केली. झाली बदली ती झाली. आता एक चेंडू खेळल्याशिवाय ती फिरवता येत नाही, असा नियमच आहे.

सर्व्हिस आली. आकांक्षाचा आवाज आला, "माझा!" चेंडू उचलला गेला. आता पुनम घेणार, म्हणून जळबानं कान टवकारले.

आवाज आला प्रणिताचा. घाबरलेला, चिरका. "मी? मी घेऊ?"

प्रणिताला तर जळबानं बाहेर काढलं होतं. त्यानं मान पूर्ण वळवली. बाकावर, त्याच्या कोपराला लागून, पुनम बसलेली.

"तू? तू हितं काहून बसली?"

 चेंडू प्रणिताच्या बोटांवरून घसरून तिच्याच पायाशी पडला. समोरच्या पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, ढोल वाजायला लागला, आणि कुरुंद्याची माणसं गुपचूप चपला शोधायला लागली. कोंडीबा काका तेवढे मोठ्यानं बोलले, "लिफ्टर काढून कोणी खेळतं का रे? भांग पिलं का हे जळबा?"

जळबानं ऐकलं. भर गर्दीत त्याचं नाव घेतलं गेलं होतं, आणि त्याला वाटलं, बरं झालं, मी याच्याच लायकीचा आहे.

बक्षिसांची तयारी चालली होती तेव्हा दिपकनं त्याला मांडवामागं, चहाच्या मोठ्या पातेल्यापाशी बोलावलं. पोरीही मागंमागं आल्या. जळबाच्या कॉलेजचे उपप्राचार्य हातात चहाचा कप घेऊन तिथंच उभे होते.

दिपकनं चष्मा काढला. "तुझी लिफ्टर बघितली मी. हात लई गोड हायेत. समितीतले दोघंबी म्हणले, घ्या. मीच म्हणलं, थांबा."

"काहून?"

"काहून म्हंजे? ऐन मॅच पॉइंटला तूच तिला काढली. दुसऱ्या कोणी काढली असती तर मी म्हणलं असतं, गाढव हाय. पण तू? माणूस ओळखण्यात तुझी नजर कधी चुकली का? जळबानं काढली म्हंजे पोरगी दबावात ढेपाळती, हे मी समजलो. अशी लिफ्टर घेऊन मी पुढं काय करू?"

 घ्या आता! ज्या नजरेपायी पोरगी बाहेर बसली, तिच्यावरच दिपकचा एवढा भरवसा. हसावं की रडावं?

तेवढ्यात पुनम पुढं आली. "सर, जळबा सरांची चूक न्हाई. माझं बोट दुखून राहिलं होतं. मीच त्यांना म्हणलं, मला काढा."

धादांत खोटं. सगळ्या पोरी खाली बघत होत्या.

दिपकनं मान हलवली. "बोट दुखतंय? मग तर बोलायलाच नको. दुखऱ्या बोटाची लिफ्टर घेऊन कोण जातं? बाळा, आराम कर." आणि त्यानं चष्मा परत लावला.

आता इथं जळबा गप्प राहिला असता तर काही बिघडलं नसतं. त्याचं, म्हणतोय मी. पोरीनं स्वतःच्या तोंडानं सगळं अंगावर घेतलं होतं. जूनला ऑर्डर निघाली असती, संध्याकाळी चुना पडला असता, झाकलेली मूठ झाकलेलीच राहिली असती. हा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला दोन घोट चहा होईस्तोवर टिकला, हेही खरं. त्याला स्वतःची शिसारी आली. लेकरू खोटं बोलून आपलं आयुष्य मोडून घेत होतं आणि तो, बापासारखा माणूस, हिशेब करत उभा होता.

"दिपक," तो म्हणाला, "पोरगी खोटं बोलती. मला दिसलं न्हाई."

"काय दिसलं न्हाई?"

"मी प्रणिताला बोलावलं होतं. ही तिच्या जागी उभी व्हती. काचबिंदू झाला मला. बाजूचं काहीच दिसत न्हाई. वर्स झालं."

दिपक हसायलाच लागला. "अबे जा! पोरीसाठी खोटं बोलून राहिला तू. तुला दिसत न्हाई? तुला? डोळे मिटून चेंडू देणारा माणूस तू."

"तो चेंडू घे," जळबा म्हणाला. खालीच सरावाचा एक पडला होता. "माझ्या उजवीकडं जाऊन उभा ऱ्हा आन् मला टाक. आवाज करू नको."

"काय खुळेपणा लावला राव."

"टाक म्हणतो ना!"

दिपकनं चेंडू उचलला. दोन पावलं बाजूला गेला. जळबा समोर बघत ताठ उभा राहिला, दोन्ही हात छातीशी, बोटं उघडी, पहिल्यासारखी. दिपकनं चेंडू टाकला, तोही लहान लेकराला टाकावा तसा, अगदी हळू.

जळबाची बोटं जागची हलली नाहीत. चेंडू थेट त्याच्या कानावर आदळला. पातेल्यापाशी उभं एक पोरगं फिस्सकन हसलं आणि कोणीतरी त्याला चापट मारली. चष्म्याआडून दिपकच्या गालावर पाणी आलं. ज्या हातांनी त्याला एवढं मोठं केलं होतं, ते त्यानं दोन्ही हातात घट्ट धरले आणि एवढा धिप्पाड गडी मांडवामागं पोरीबाळींसमोर हुंदके द्यायला लागला. "मला काहून न्हाई सांगितलं रे? मला तरी..."

"तुला काय सांगू? तू कायमवाला," जळबा म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे त्याच्या तोंडून गेलं आणि गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

मग तो पुनमकडं वळला. "आन् तू! मी चुकून बोलावलं हे तुला कळलं व्हतं ना? मग काहून आली धावत? म्हणायचं ना, सर, मी पुनम."

"भर मॅचमधी कसं म्हणू सर?" पुनम रडत रडत म्हणाली. "मी न्हाई म्हणले असते तर सगळ्याइला कळलं असतं, तुमाला दिसत न्हाई."

"म्हंजे तुला माहीत व्हतं?"

यावर आकांक्षा बोलली. "आमाला सगळ्याइलाच माहीत हाय सर. दिवाळीच्या सुट्टीनंतर. तुमी कडेचे चेंडू सांगायचं सोडून दिलं, तवापासून. म्हणून तर आमी ओरडून खेळून राहिलो. तुमाला ऐकू यावं म्हणून."

 ज्या आवाजाची जळबानं गावभर फुशारकी मारली, तो आवाज खेळातला नव्हताच. पोरी त्याला हात धरून रस्ता ओलांडून देत होत्या आणि हा शहाणा समजत होता की आपणच त्यांना चालवतोय. दिसत नाही याचं त्याला वर्षभर जेवढं दुःख झालं नव्हतं, तेवढं या घडीला झालं.

उपप्राचार्यांनी कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. खाकरून हळूच म्हणाले, "पाईकराव सर, सोमवारी ऑफिसात जरा भेटा." एवढंच. पण सगळ्यांना समजलं. जळबानंही मान डोलावली, आमंत्रण स्वीकारल्यासारखी.

घटकाभरानं माइकवरून विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली गेली. लिफ्टर म्हणून पुनमचं नाव आलं तेव्हा पोरींनी असा काही गलका केला की ढोलवालाही थांबला. जळबा मांडवाच्या खांबाला टेकून समोर बघत उभा होता. समोर गडी नेट सोडत होते. एका बाजूची दोरी सुटली होती आणि जाळी सैल होऊन खाली लोंबत होती.

पुनम पाया पडायला आली, ती त्याच्या उजव्या अंगाला. "सर," ती वाकून म्हणाली. जळबानं ऐकलं, पण वळला नाही. वळला असता तर रडू फुटलं असतं. "जा," तो म्हणाला, "चांगली खेळ. माझ्यासारखं काही लपवू नको." आणि त्यानं आशीर्वादाला हात पुढं केला. तो भलतीकडंच, तिच्या डोक्यापासून हातभर लांब, मोकळ्या हवेत गेला.

पुनमनं वाकल्या वाकल्याच दोन पावलं सरकून आपलं डोकं त्या हाताखाली आणलं. हात आपण बराबर ठेवला, असंच जळबाला वाटलं.